रांग आखूड करण्याची नोकरी

कुणी विचारलं, तुम्ही कुठे नोकरी करत होता, तर मी आधी नुसतं "मेकॅनिकल इंजिनियर" एवढंच म्हणून बघते. तेवढ्यावर भागलं तर ठीक. नाही भागलं तर सांगावं लागतं की कोलकात्याच्या एका टोकाला असलेल्या अम्यूझमेंट पार्कात राइड्सची व्यवस्था मी बघत होते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तुम्हाला फुकट बसायला मिळत असेल!" मिळायचं. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी रोलर कोस्टरमध्ये बसून एक फेरी मारायची, हा कामाचाच भाग होता. अर्धा कप चहा पोटात घेऊन रोज सकाळी उलटं लटकायचं, यात फुकटेपणाची मजा कितपत असते ते ज्याचं त्याने ठरवावं.

आईला माझी नोकरी कधी पटली नाही. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर इथे आले आणि पुढच्या बदलीच्या वेळी आम्हा भावंडांच्या शाळेचं कारण देऊन इथेच राहिले. बालीगंजच्या घरात मराठी आणि जिना उतरला की बंगाली, अशी आम्ही वाढलो. पुण्याहून पाहुणे आले की आई भावाबद्दल भरभरून बोलायची आणि माझी पाळी आली की म्हणायची, "ही जत्रेत असते." इथल्या मराठी मंडळातल्या गणपतीत मात्र महाप्रसादाच्या दिवशी रांग सांभाळायला सगळ्यांना माझीच आठवण व्हायची.

कारण माझं खरं काम रांगेचं होतं. यंत्रं सांभाळायला वेगळी माणसं होती. रांग का तुंबते आणि ती पुढे कशी सरकेल, हे बघणं माझ्याकडे होतं.

लोकांना वाटतं, माणसं फार येतात म्हणून रांग लांबते. माणसं येणारच, त्यासाठीच तर पार्क उघडलेलं असतं. गाडीची फेरीही ठरलेल्या वेळाची असते, ती कुणाला कमी करता येत नाही. रांग तुंबते ती फलाटावर. एक गाडी येते, बसलेले उतरतात, नवे बसतात, मांडीवरचा दांडा खाली येतो, तो तपासला जातो आणि गाडी सुटते. या मधल्या वेळात काय काय होतं ते बघायला कोलकात्याचा हिवाळा हवा. पारा जरा उतरला की हे शहर स्वेटर, मफलर आणि माकडटोपीत शिरतं. गाडीत बसण्याआधी हे सगळं काढायचं, नाहीतर वाटेत उडून जातं. माकडटोपी काढली की चष्मा निघतो, चष्मा काढला की माणूस चाचपडतो. शिवाय हातात पिशवी, पिशवीत संत्री आणि लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचा डबा. ती पिशवी फलाटावर चढण्याच्या बाजूला असलेल्या मांडणीत ठेवायची, फेरी झाली की उलट्या दिशेने येऊन शोधायची, आणि तोवर नवी माणसं चढायला लागलेली. दोन लोंढे समोरासमोर, मधे पिशव्या.

मी पिशव्यांची मांडणी उतरण्याच्या बाजूला नेली, माणूस उतरला की पिशवी त्याच्या समोरच. मग फलाटाच्या अलीकडे जमिनीवर आकडे रंगवले. रांगेच्या तोंडाशी आमचा माणूस "किती जण?" विचारणार आणि गाडी यायच्या आधीच ज्याला त्याला त्याच्या आकड्यावर उभं करणार. गाडीत जागा जोडीजोडीच्या, आणि लोक येतात तीन, पाच, सात असे. एकटा राहिलेला माणूस दुसऱ्या एकट्याशेजारी बसवला की रिकामी जागा भरते. ऐकायला सोपं वाटतं. पण "आम्ही एकत्रच आलोय, एकत्रच बसणार" असं म्हणून अख्खं कुटुंब हातात हात घालून उभं राहिलं की सगळं गणित तिथेच कोलमडतं.

तरी काम झालं. रविवारची जी रांग पूर्वी रेलिंगच्या बाहेर पडून कदंबाच्या झाडापर्यंत जायची, ती रेलिंगमध्ये मावायला लागली. याचा मला अभिमान आहे. एका गोष्टीत मात्र मी घाई होऊ दिली नाही. आमचा मुख्य ऑपरेटर तपनदा, बजबजहून लोकलने येणारा, प्रत्येक दांडा स्वतःच्या हाताने दाबून बघायचा. वरचे साहेब म्हणायचे, यात वेळ जातो. मी म्हणायचे, जाऊ दे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेची. एका बापाने मुलीची उंची भरावी म्हणून तिच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या होत्या. ती चालताना डुगडुगत होती म्हणून तपनदाच्या लक्षात आलं. बाप भांडायला लागला, मागची रांग बापाच्या बाजूने ओरडायला लागली, कारण त्यांची गाडी थांबली होती. मुलगी खाली बसली, बूट काढले आणि कागद काढून बापाच्या हातात देत म्हणाली, "बाबा, पाय दुखतात. मला आइस्क्रीम दे." भांडण संपलं.

पण या लेखात मला सांगायचंय ते नियोगीबाबूंबद्दल.

दमदमला राहणारे हे निवृत्त गृहस्थ वर्षाचा पास काढून दर रविवारी यायचे. धोतर-स्वेटर, हिवाळ्यात तपकिरी माकडटोपी, खांद्याला कापडी पिशवी. सरळ रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहायचे. मागच्या-पुढच्यांशी गप्पा सुरू. कुठून आलात, मुलगा काय शिकतो, गावाकडे बटाट्याचं पीक कसं आहे. अशा गप्पा मारत रांग वर सरकायची आणि फलाटाच्या तोंडाशी आलं की नियोगीबाबू नमस्कार करून बाजूच्या छोट्या दाराने खाली उतरायचे. ऐन वेळी धीर सुटलेल्यांसाठी प्रत्येक राइडला असं एक दार असतं. खाली आले की पाणी पिऊन पुन्हा रांगेच्या शेवटी.

माझ्या आकड्यांच्या व्यवस्थेमुळे ते अडचणीत आले. त्यांना आकड्यावर उभं केलेलं असायचं आणि ते निघून गेले की जागा रिकामी सुटायची. कंपनीने बाहेरून आणलेले सल्लागार हातात टॅब्लेट घेऊन दिवसभर फलाटावर उभे होते, त्यांनी हे टिपलं. त्याच सुमाराला एका बाईंनी तक्रार केली. एक म्हातारा दर रविवारी येतो, राइडमध्ये बसत नाही, नुसता लोकांच्या मुलांशी बोलत राहतो. तुम्ही चौकशी करता की नाही?

तक्रार गैर नव्हती. मीही आई आहे. मी त्यांना ऑफिसात बोलावलं.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. तक्रार ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण रागावले नाहीत.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "आजकाल काळजी घ्यायलाच हवी."

"मेसोमशाय, तुम्ही बसत का नाही? तब्येतीचं काही आहे का?" वडीलधाऱ्या माणसाला इथे अशीच हाक मारतात.

"तब्येत ठणठणीत आहे. भीती वाटते."

"मग रांगेत कशाला उभे राहता?"

ते म्हणाले, नात लहान असताना तिला इथे घेऊन यायचे. तिच्याबरोबर रांगेत वरपर्यंत जायचं, तिला गाडीत बसवायचं आणि आपण छोट्या दाराने खाली यायचं. नात, मुलगा, सून आता बेंगळुरूला. बायको जाऊन काही वर्षं झाली.

"घरी कुणी येतं ते घड्याळ बघतच येतं, दीदी. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे लोक घाईत. रांगेतला माणूस मात्र माझं बोलणं ऐकतो. जाणार कुठे बिचारा?"

मी हसले. तेही हसले. मग मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. फलाटाशी पोहोचण्याआधीच आमच्या माणसाला सांगायचं की मी बसणार नाही, म्हणजे जागा वाया जाणार नाही. आणि लहान मुलांशी बोलायचं ते आईबापांशी बोलणं सुरू झाल्यावरच. त्यांनी दोन्ही मान्य केलं आणि अगदी काटेकोरपणे पाळलं. सल्लागारांना मी कळवलं की या गृहस्थांकडे पास आहे आणि रांगेत उभं राहण्याला पार्कात बंदी नाही. त्यांनी टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं. तक्रार करणाऱ्या बाईंना मी फोन करून काय केलं ते सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाताळच्या आसपासचा रविवार, म्हणजे आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दीचा. दुपारी कोस्टरची गाडी चढणीवर असताना साखळीजवळच्या एका सेन्सरने चूक दाखवली आणि गाडी होती तिथे थांबली. यात धोका काही नसतो. चढणीवर गाडी मागे घसरू नये म्हणून दात असतात, चढताना जो टकटक आवाज येतो तो त्यांचाच. पण चूक सापडेपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही, हा नियम. अशा वेळी चढणीच्या बाजूच्या लोखंडी पायऱ्यांवरून माणसं उतरवायची. एकेक ओळ मोकळी करायची, कंबरेला पट्टा बांधायचा, हात धरून खाली आणायचं.

तपनदा आणि मी वर गेलो. सगळे नीट उतरले. काहींनी तर पायऱ्यांवर सेल्फीही काढले. शेवटच्या ओळीत एक जोडपं होतं. नवरा पट्टा बांधून झटकन उतरला. बायको, मिनती तिचं नाव, तीही बजबजचीच निघाली, डोळे गच्च मिटून बसली होती. तिच्या मांडीवरचा दांडा आम्ही केव्हाच उघडला होता. ती तरीही तो दोन्ही हातांनी ओढून धरून होती.

"काकी, उतरायचंय," तपनदा म्हणाला.

"मी नाही उतरणार. गाडी सुरू करा. मी बसून राहते."

"गाडीत माणूस असताना सुरू करता येत नाही," मी म्हणाले.

"मग मी इथेच राहीन."

खाली गच्च भरलेली रांग होती. कुणी हललं नव्हतं. फुकट तमाशा सोडून कोलकात्याचा माणूस घरी जात नाही. आधी शिट्ट्या आल्या. मग कुणीतरी सुरू केलं, "एक, दोन, तीन, उतरा!" आणि सगळी रांग एका सुरात म्हणायला लागली. फोन वर झाले. तिचा नवरा खाली उभा राहून हातांचा कर्णा करून ओरडत होता, "अगं ये ना खाली! सगळे बघताहेत!"

ते ऐकून ती आणखी खोल सीटमध्ये गेली.

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. मुलं किती, घरी कोण कोण, आज काय रांधून आणलं, असं विचारत राहिले. एखाददुसरं उत्तर यायचं आणि खालून आरोळी आली की पुन्हा तोंड बंद. उभ्या नोकरीत मी माणसं लवकर चढवायच्या आणि उतरवायच्या युक्त्या काढल्या होत्या. त्यातली एकही इथे चालणारी नव्हती. उचलून आणणं धोक्याचं होतं. तपनदाने हळूच विचारलं, "अग्निशमनवाल्यांना बोलवायचं का?" मी म्हटलं, थांबू या जरा. पण मलाही खात्री नव्हती. ऊन कलायला लागलं होतं. अंधार पडला असता तर तिला उतरवणं आणखी कठीण झालं असतं.

आणि मग खालचा आवाज तुटक झाला. आधी एका बाजूचा गेला, मग मधला. मला वाटलं, सिक्युरिटीवाल्यांनी काही केलं. वाकून बघितलं तर रेलिंगच्या मधोमध तपकिरी माकडटोपी दिसली. नियोगीबाबू हात वर करून काहीतरी बोलत होते. त्यांच्या आसपासची माणसं आमच्याकडे पाठ करून उभी होती. बघता बघता त्यांच्या मागची वळली, मग त्यांच्या बाजूची. मागे काही पोरं अजून फोन धरून होती. पण पुढची रांग वळल्यावर इतके चेहरे थेट त्यांच्याकडेच बघायला लागले, की त्यांनाही फोन धरवेना. एकेक फोन खाली आला. पोरंही वळली. अख्खी रांग राइडकडे पाठ करून गप्प उभी.

"मिनती," मी म्हणाले, "डोळे उघडा. कुणी बघत नाहीये."

"खोटं."

"बघा तरी."

तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. बराच वेळ ती त्या पाठींकडे बघत राहिली.

"हे सगळे तिकडे का बघताहेत?"

"तुम्हाला सुचेल तसं उतरता यावं म्हणून."

दांड्यावरची तिची बोटं सैल झाली. मग म्हणाली, "दीदी, तुम्हीही तोंड फिरवा. आणि हा?"

"मला पट्टा धरायला लागेल, काकी," तपनदा म्हणाला. "मी फक्त तुमच्या पायांकडे बघतो."

मी तोंड फिरवलं. मागून साडीची सळसळ आणि लोखंडावर बूड टेकल्याचा आवाज येत राहिला. ती बसून, लहान मुलासारखी एकेक पायरी घसरत उतरत होती. तिला उंचीची भीती होतीच. पण एवढ्या लोकांसमोर असं बसून घसरत उतरायचं, ही लाज त्याहून मोठी होती. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

ती जमिनीवर उभी राहिली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे गेली. तो एकटाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वर बघत उभा होता. "एवढे परके लोक वळले," ती त्याला म्हणाली, "तुला नाही वळता आलं?"

तपनदाने माइकवरून रांगेला सांगितलं, वळा आता. माणसं वळली आणि टाळ्या वाजल्या, पण थोड्याच. राइड त्या दिवसापुरती बंद, हे कळल्यावर बरीच कुरकुरही झाली.

मी नियोगीबाबूंना गाठलं. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काही विशेष नाही. वर्गात एखादा मुलगा फळ्यापाशी अडला की मी बाकीच्यांना म्हणायचो, खिडकीबाहेर बघा रे. मग त्याला गणित सुटायचं." टोपी सारखी करत ते म्हणाले, "नाही सुटलं तरी निदान रडायचा नाही."

ते शाळामास्तर होते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांचा एकच प्रश्न होता, राइड इतका वेळ बंद का राहिली. मी सांगितलं, एका प्रवाशाला उतरायला वेळ लागला. ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी पार्कात फोनवरची रांग आली. कोड स्कॅन करायचा, फोनवर नंबर घ्यायचा, पाहिजे तिकडे हिंडायचं, पाळी आली की फोन वाजतो. ही व्यवस्था बसवण्यात माझा मोठा हात होता आणि ती उत्तम चालली. ज्यासाठी मी इतकी वर्षं आकडे रंगवत आणि मांडण्या हलवत होते, ते एका दमात झालं. रेलिंगमध्ये कुणी उरलं नाही.

नियोगीबाबू आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी रिकाम्या रेलिंगकडे बघितलं.

"लाइन कुठे गेली?"

"फोनमध्ये गेली, मास्टरमोशाय."

त्यांनी पिशवीतून आपला बटणांचा फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "छान," ते म्हणाले. "लोकांचे पाय वाचले." नंतर कितीतरी रविवार ते दिसले नाहीत. मी निवृत्त झाले त्या दिवशी तपनदाला विचारलं. तो म्हणाला, आले नाहीत बुवा. दमदमला कुठे राहतात हेही आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ती रुखरुख मनात घेऊन मी घरी आले.

या हिवाळ्यात पुण्याहून मामेभाऊ, त्याची बायको आणि मुली आल्या. मुलींना पार्क बघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिकीट काढून आत गेले. मुलींनी फोनवर नंबर घेतला आणि पळाल्या. मी चहा घ्यायला घुगनीच्या, म्हणजे इथल्या वाटाण्याच्या उसळीच्या, स्टॉलकडे वळले आणि थांबले. तिथे ही रांग! वळणं घेत पार कारंज्यापर्यंत. राइडच्या रांगेतून सुटलेली माणसं जाणार कुठे? पोटाकडेच येणार. मी सवयीने बघायला लागले की हे कुठे तुंबतंय. सुटे पैसे देणारा आणि ताटल्या भरणारा माणूस एकच होता. खिडक्या दोन करायला हव्या होत्या. मग आठवलं, हे आता माझं काम नव्हे. शेवटी जाऊन उभी राहिले.

"कुठून आलात?" पुढच्या माणसाने वळून विचारलं.

नियोगीबाबू. जरा वाळलेले, हातात काठी. मधे मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, म्हणून येणं बंद होतं, म्हणाले. मी कोण हे कळल्यावर त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि नमस्कार केला.

"ही लाइन चांगली आहे," ते म्हणाले. "शेवटी घुगनी मिळते. तिला मी भीत नाही."

मग बोलणं सुरू झालं. नातीचं लग्न ठरलंय, मुलगा तेलुगू आहे, जेवणात काय ठेवायचं यावरून दोन्ही घरांत वाद चाललाय. मी आईबद्दल सांगितलं, ती शेवटपर्यंत मला जत्रेतली म्हणायची ते. त्यावर ते इतके हसले की पुढच्या बाईंनी वळून बघितलं आणि त्याही बोलण्यात आल्या. त्यांची घुगनी घेऊन झाली आणि त्या गेल्या. खिडकीपाशी आता नियोगीबाबूंची पाळी होती, त्यांच्यामागे माझी. पण नातीच्या सासूने माशाबद्दल काय म्हटलं, ते अजून अर्धंच राहिलं होतं.

आतल्या माणसाने चमचा भांड्यावर वाजवला. "दादा, पुढे या!"

मी नियोगीबाबूंना बाजूला घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. आम्हाला वेळ आहे."